घरच्या संगणकातील जोडड्राइव्ह : वेगाविषयीची एक अपेक्षा

घरगुती वापरासाठी संगणक जुळवून घेणाऱ्या ग्राहकांकडून एक अपेक्षा पुन्हा पुन्हा ऐकू येते : एका सॉलिड स्टेट ड्राइव्हमुळे, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या एसएसडीमुळे, संगणकाला जी चपळाई आली, ती दोन एसएसडी एकत्र जोडल्यावर दुप्पट व्हावी. ही अपेक्षा निव्वळ अज्ञानातून आलेली आहे असे म्हणता येत नाही, कारण तिला बळ देणाऱ्या गोष्टी ग्राहकाच्या समोरच असतात. मदरबोर्डच्या खोक्यावर ‘रेड’ची सोय ठळकपणे छापलेली असते, बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताच सर्वांत आधी कामाला लागणाऱ्या प्रणालीत, ती सोय चालू करण्याचा पर्याय असतो, आणि जोडणी झाल्यावर वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवला तर पहिल्या ओळीतला आकडा खरोखरच जवळजवळ दुपटीने वाढलेला दिसतो. तरीही संगणकांच्या जुळणीत आणि दुरुस्तीत प्रस्तुत लेखकाच्या हाताखालून असे जे संगणक गेले, त्यांच्याबाबत अनुभव बहुतेक एकसारखाच आला : आकडा वाढला, वापरणाऱ्याला फरक जाणवला नाही, आणि ‘स्लो वाटतो’ ही मूळ तक्रार जिथल्या तिथेच राहिली. आकडा आणि अनुभव यांच्यात ही फारकत का पडते, याचे उत्तर ड्राइव्हच्या अंतर्रचनेत आणि घरच्या कामाच्या स्वरूपात आहे, आणि ते सविस्तर पाहण्यासारखे आहे.

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून संगणकापुढे त्या एकच डिस्क म्हणून उभ्या करण्याची पद्धत होय. तिची पायाभूत मांडणी डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केली. त्या काळी मोठ्या संस्थांच्या संगणकांना आयबीएम ३३८० सारख्या अवाढव्य आणि महागड्या डिस्क लागत, तर वैयक्तिक संगणकांसाठी लहान आणि स्वस्त डिस्क नुकत्याच मिळू लागल्या होत्या. अशा अनेक लहान डिस्क एकत्र जुंपल्या तर एका मोठ्या डिस्कपेक्षा काम अधिक वेगाने होईल, आणि त्यांतली एखादी निकामी झाली तरी माहिती शाबूत राहील अशी तजवीजही करता येईल, हा त्या निबंधाचा गाभा होता. त्यात वर्णिलेल्या पाचही पातळ्यांत माहितीची जादा प्रत किंवा ती पुन्हा उभी करता येईल असा ताळा ठेवलेला होता. घरगुती संगणकांत वेगासाठी जिचा बोलबाला झाला, त्या शून्य पातळीत मात्र जादा प्रत नसते आणि ताळाही नसतो. तिच्यात फाइलचे ठरावीक मापाचे, बहुधा १६ ते १२८ किलोबाइटांचे, पट्टे पाडले जातात आणि पहिला पट्टा एका ड्राइव्हवर, दुसरा दुसऱ्यावर, तिसरा पुन्हा पहिल्यावर अशी त्यांची वाटणी होते. त्यामुळे मोठी फाइल सलग वाचताना दोन्ही ड्राइव्ह एकाच वेळी काम करतात आणि वेग दुप्पट होतो.

या पद्धतीचा जन्म फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कच्या काळातला आहे, हे विसरता कामा नये. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये तबकडीचा अर्धा फेरा पूर्ण व्हायला ४.१७ मिलिसेकंद लागतात, वाचकमुंडी योग्य वर्तुळावर नेऊन ठेवायला सरासरी आठ-नऊ मिलिसेकंद जातात, आणि अशा रीतीने विखुरलेल्या ठिकाणचे एकेक वाचन सुमारे १३ मिलिसेकंदांचे होते. म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५ वाचने. प्रत्येक वाचन चार किलोबाइटांचे धरले तर ही गती सेकंदाला ०.३ मेगाबाइट भरते. एसएसडीत फिरणारे किंवा सरकणारे काहीच नसते. नँड फ्लॅश या जातीच्या चिपमधून असेच वाचन ८० मायक्रोसेकंदांत झाले असे धरले, तर सेकंदाला १२,५०० वाचने होतात आणि गती ५१ मेगाबाइटांवर जाते. सुमारे १६० पटींची ही झेप होती. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून साधी साटा जोडणीची एसएसडी बसवली की ग्राहकाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, त्याचे कारण या झेपेत आहे. ही झेप साधली ती प्रत्येक वाचनासाठी थांबण्याचा काळ घटल्यामुळे. सलग वाचनाचा वेग वाढला हे खरे, पण त्याचा वाटा त्या मानाने लहान होता. दुसरी एसएसडी जोडताना ग्राहक पहिल्या झेपेचीच पुनरावृत्ती होईल असे धरून चालतो, आणि ती जोडणी तर नेमकी थांबण्याच्या काळाला हात लावत नाही.

हात का लावत नाही, हे पाहण्यासाठी एसएसडीच्या पोटात डोकावावे लागते. एका एसएसडीत नँड फ्लॅशच्या अनेक चिप असतात, आणि कंट्रोलर नावाचा एक छोटा प्रोसेसर त्यांच्याशी अनेक मार्गिकांतून एकाच वेळी बोलत असतो. इंटेलने सप्टेंबर २००८ मध्ये आणलेल्या एक्स२५-एम या घरगुती वापराच्या ड्राइव्हमध्येच अशा दहा मार्गिका होत्या. आलेली माहिती या मार्गिकांवर वाटून लिहायची आणि वाचताना सर्व चिपना एकदम कामाला लावायचे, हे कंट्रोलरचे मुख्य कौशल्य होय. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर जी वाटणी रेडची शून्य पातळी दोन ड्राइव्हमध्ये करते, ती प्रत्येक एसएसडीत जन्मतःच केलेली असते. म्हणून दोन एसएसडी जोडणाऱ्याच्या हाती येते ती अधिक मार्गिकांची एसएसडी. एकेका चिपला एक पान, म्हणजे ती एका वेळी वाचते तेवढा तुकडा, वाचायला जो वेळ लागतो तो तसाच राहतो, आणि मध्ये बसलेल्या रेडच्या सॉफ्टवेअरचे काही मायक्रोसेकंद त्यात वाढतात.

अधिक मार्गिकांचा उपयोग व्हायचा तर एकाच वेळी पुष्कळ मागण्या यायला हव्यात. एकाच वेळी प्रलंबित असलेल्या अशा मागण्यांच्या संख्येला रांगेची खोली म्हणतात. टपाल कार्यालयात एकच माणूस उभा असेल तर दुसरी खिडकी उघडल्याने त्याचे काम लवकर होत नाही, तसाच हा प्रकार आहे. घरच्या संगणकात ही रांग बहुतेक वेळ एक ते चारच्या दरम्यान असते, कारण प्रोग्रॅम एक फाइल मागतो, ती आल्यावर तिच्यातला मजकूर पाहून दुसरी मागतो, आणि दुसरीची मागणी पहिली हाती पडल्याखेरीज निघूच शकत नाही. शिवाय चार किलोबाइटांचे एक वाचन १६ किंवा १२८ किलोबाइटांच्या एकाच पट्ट्यात मावते. ते ज्या ड्राइव्हवर असेल तोच ते पुरवतो आणि दुसरा त्या क्षणी रिकामा बसतो. एएचसीआय ही साटा ड्राइव्हशी बोलण्याची जुनी रीत ३२ मागण्यांची एकच रांग देत असे, तर २०११ मध्ये जिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली ती एनव्हीएमई ही रीत हजारो रांगा देऊ शकते. पण त्या भरण्याइतके काम घरात निर्माणच होत नाही, हा खरा मुद्दा आहे.

क्रिस्टलडिस्कमार्क या लोकप्रिय मोजणी-प्रोग्रॅमचा निकाल या दृष्टीने वाचला तर पुष्कळ उलगडा होतो. त्याच्या नेहमीच्या मांडणीत वरच्या ओळीत एक मेगाबाइटाच्या मोठ्या तुकड्यांचे, आठ मागण्यांच्या रांगेसह केलेले सलग वाचन असते. शेवटच्या ओळीत चार किलोबाइटांचे, विखुरलेले, एका वेळी एकच मागणी असलेले वाचन असते. दोन ड्राइव्हची जोडणी केल्यावर वरची ओळ दुप्पट होते, आणि शेवटची ओळ होती तशीच राहते किंवा किंचित खाली येते. ग्राहक स्वाभाविकपणेच वरची ओळ पाहतो, कारण ती वर असते आणि मोठीही असते. प्रस्तुत लेखकाच्या मते घरच्या वापराचे चित्र शेवटच्या ओळीत अधिक प्रामाणिकपणे उमटते, आणि विक्रेत्याने ग्राहकाला ती ओळ बोट ठेवून दाखवणे हे त्याचे कर्तव्य आहे.

त्यातही एखादा प्रोग्रॅम उघडताना जो वेळ लागतो तो सगळा ड्राइव्हमुळे लागत नसतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम येथे नेमका लागू पडतो : कामाच्या एका भागाचा वेग कितीही वाढवला तरी एकूण कामात होणारी सुधारणा त्या भागाच्या वाट्याने मर्यादित राहते. कल्पनेने एक उदाहरण घेऊ. एखादा जड प्रोग्रॅम उघडताना प्रोसेसरचे काम ८.५ सेकंदांचे आहे; हार्ड डिस्क असताना तिची वाट पाहण्यात ३० सेकंद जात, म्हणजे एकूण ३८.५ सेकंद, एसएसडी आल्यावर ते ३० सेकंद दीडवर आले आणि एकूण वेळ १० सेकंद झाला. आता दुसरी एसएसडी जोडून ड्राइव्हचा वेग अगदी आदर्श रीतीने दुप्पट झाला असे धरले, तरी दीडाचे पाऊण सेकंद होईल आणि एकूण वेळ ९.२५ सेकंद होईल. हा फरक घड्याळ लावून मोजता येईल, पण काम करणाऱ्या माणसाला तो कळणार नाही, आणि प्रत्यक्षात आदर्श दुप्पट वेग मिळत नसल्याने तो मोजायलाही कठीण जाईल. विंडोज सुरू होण्याचीही हीच कथा आहे, उलट तेथे आणखी एक भर पडते : बायोसमध्ये रेडची सोय चालू केली की संगणक सुरू होताना ती प्रणाली आधी ड्राइव्ह ओळखण्यात काही सेकंद घालवते, आणि त्यामुळे पुष्कळ यंत्रांवर एका ड्राइव्हचा संगणक जोडड्राइव्हच्या संगणकाच्या आधी डेस्कटॉपवर पोचलेला दिसतो.

याखेरीज एक अडथळा मदरबोर्डच्या रचनेतच असतो. २०१५ मध्ये आलेल्या झेड१७० या इंटेलच्या चिपसेटवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपवर, एनव्हीएमई ड्राइव्हची जोडणी प्रथमच सहज करता येऊ लागली, आणि हौशी लोकांनी सॅमसंग ९५० प्रो हे ड्राइव्ह जोडीने घेतले. त्यांतला ५१२ गिगाबाइटांचा प्रत्येक ड्राइव्ह सेकंदाला २,५०० मेगाबाइट वाचत असल्याने दोघांकडून ५,००० ची अपेक्षा होती. परंतु चिपसेट आणि प्रोसेसर यांना जोडणारा डीएमआय नावाचा मार्ग सिद्धान्ततःही सेकंदाला चार गिगाबाइटांच्या आतच वाहून नेऊ शकत होता, आणि त्याच मार्गावरून नेटवर्क, यूएसबी आणि इतर डिस्कची माहितीही जात होती, त्यामुळे हाती साडेतीन हजारांच्या आसपासच पडत असे. २०१८ मध्ये सॅमसंगच्याच ९७० मालिकेतला एकटा ड्राइव्ह ३,५०० मेगाबाइटांवर गेला आणि २०२० मधला ९८० प्रो ७,००० वर. जोडणीने जे मिळवायचे ते पुढच्या पिढीचा एकच ड्राइव्ह कोणत्याही खटाटोपाशिवाय देतो, हे या क्षेत्रात सतत घडत आले आहे. आणि विशेष म्हणजे या नव्या, वेगवान एकट्या ड्राइव्हनेही मागच्या पिढीच्या तुलनेत घरच्या कामात फारसा फरक पाडलेला नाही.

खेळांविषयी थोडे वेगळे बोलावे लागते, कारण जोडड्राइव्हची मागणी करणाऱ्यांत खेळणाऱ्या तरुणांचा भरणा मोठा असतो. खेळाच्या फाइली दाबून लहान केलेल्या असतात, आणि त्या वाचल्यानंतर उलगडण्याचे काम परंपरेने प्रोसेसर करत आला आहे. म्हणून पडदा उघडण्याची वाट पाहणारा खेळाडू बहुधा ड्राइव्हची नव्हे तर प्रोसेसरची वाट पाहत असतो. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचणाऱ्या ड्राइव्हच्या जोडीला फाइली उलगडणारी स्वतंत्र यंत्रणाच बसवलेली आहे, यावरून अडचण नेमकी कुठे होती हे कळते. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये विंडोजवर आणलेल्या डायरेक्टस्टोरेज या सोयीचाही रोख हाच आहे. जे खेळ या सोयीने लिहिले जातील त्यांना वेगवान ड्राइव्हचा लाभ होईल, पण त्यासाठी एक चांगला एनव्हीएमई ड्राइव्ह पुरेसा आहे.

जोडड्राइव्हच्या बाजूने सर्वांत गंभीर युक्तिवाद करणारा ग्राहक म्हणजे घरातूनच लग्नाच्या चित्रीकरणाचे संकलन करणारा व्यावसायिक. महाराष्ट्रातल्या तालुक्यांच्या गावांतही आता लग्नाचे चित्रीकरण तीन-चार कॅमेऱ्यांनी आणि फोर-के दर्जाचे होते, लग्नसराईत कामांचा ढीग पडतो, आणि टाइमलाइन अडखळत चालली की त्याचा तोल सुटणे समजण्यासारखे आहे. त्याच्या मागणीचा विचार आकड्यांनीच करायला हवा. कॅमेऱ्यातून सेकंदाला १०० मेगाबिटांचे चित्रण होत असेल तर ते १२.५ मेगाबाइट भरते. चार कॅमेरे एकाच वेळी टाइमलाइनवर चालवले तरी गरज ५० मेगाबाइटांची, आणि साधी साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशेच्या आसपास मेगाबाइट देते. संकलनासाठी तेच चित्रण अ‍ॅपलच्या प्रोरेस ४२२ एचक्यू या कमी दाबलेल्या स्वरूपात बदलून घेतले, तर २५ चौकटींच्या फोर-के चित्राला सेकंदाला ७३७ मेगाबिट, म्हणजे सुमारे ९२ मेगाबाइट लागतात. चार कॅमेऱ्यांचे मिळून ३६८, आणि तेही एकाच साटा एसएसडीच्या आवाक्यात राहते. मग टाइमलाइन का अडखळते? कारण एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतींनी दाबलेल्या चित्रणात बहुतेक चौकटी पूर्ण नसतात, मागच्यापुढच्या चौकटींशी असलेला फरक तेवढा नोंदलेला असतो, आणि कोणतीही एक चौकट दाखवायला प्रोसेसरला किंवा ग्राफिक्स कार्डला आधी आजूबाजूच्या अनेक चौकटी उलगडाव्या लागतात. या ठिकाणी उपाय म्हणजे प्रॉक्सी, म्हणजे संकलनापुरत्या हलक्या प्रती, तयार करणे, किंवा त्या प्रकारचे चित्रण स्वतःच्या मंडलात उलगडू शकणारा प्रोसेसर घेणे. दुसरा ड्राइव्ह हा उपाय नव्हे. टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचा आलेख छताला लागलेला आणि डिस्कचा आलेख जमिनीलगत रांगणारा दाखवला की हे पटवायला फार बोलावे लागत नाही.

कार्डावरून चित्रण उतरवण्याचा वेळ हाही याच व्यवसायातला नेहमीचा मुद्दा. यूएचएस-१ जातीच्या एसडी कार्डाची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे आणि यूएचएस-२ ची ३१२; म्हणजे माहिती ज्या दाराने यायची ते दारच एका एसएसडीपेक्षा अरुंद आहे, आणि आतली जागा रुंद करून काही साधत नाही.

तरी येथे एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. स्वस्त एसएसडीत एका पेशीत तीन किंवा चार बिट साठवले जातात, आणि तसे लिहिणे मंद असल्याने काही जागा एका पेशीत एकच बिट लिहून कच्च्या साठ्यासारखी वापरली जाते. हा साठा भरेपर्यंत लिहिण्याचा वेग भरघोस दिसतो, तो भरला की एका पेशीत चार बिट ठेवणाऱ्या काही ड्राइव्हचा वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो. शेकडो गिगाबाइट एका दमात लिहिणाऱ्याला दोन ड्राइव्हच्या जोडणीने हा साठाही दुप्पट मिळतो आणि तो संपल्यावरचा वेगही. सीएफएक्सप्रेस कार्डावर रॉ स्वरूपात, म्हणजे जवळजवळ न दाबता, एट-के चित्रण करणारे, एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारे किंवा मोठ्या डेटाबेसवर काम करणारे यांच्याकडे रांगही खोल असते आणि तुकडेही मोठे असतात. त्यांच्यासाठी जोडणी खरी उपयोगाची आहे. असे लोक घरीही काम करतात, पण त्यांचे काम घरगुती म्हणता येणार नाही.

वेग जाणवत नाही एवढ्यावर विषय थांबला असता तर दुसऱ्या ड्राइव्हला हौस म्हणून सोडून देता आले असते. परंतु शून्य पातळीच्या जोडणीत धोक्याचा भाग आहे, आणि त्याबद्दल प्रस्तुत लेखकाला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते. एक ड्राइव्ह वर्षभरात निकामी होण्याची शक्यता शंभरात एक मानली, तर दोघांपैकी कोणताही एक निकामी होण्याची शक्यता शंभरात जवळजवळ दोन होते, आणि एक गेला की दोन्हींवरची माहिती जाते, कारण उरलेल्या ड्राइव्हवर प्रत्येक मोठ्या फाइलचे एकाआड एक पट्टेच काय ते शिल्लक असतात. हार्ड डिस्कच्या काळात माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळांना पट्ट्यांचे माप आणि क्रम शोधून थोडेफार जुळवता येई. एसएसडीत ट्रिम नावाची एक आज्ञा असते, जिच्यायोगे पुसलेल्या फाइलची जागा रिकामी झाल्याचे ड्राइव्हला कळवले जाते आणि ड्राइव्ह ती जागा पुढे खरोखरच साफ करतो. ती ड्राइव्हच्या प्रकृतीला आवश्यक आहे (२०१२ पर्यंत तर इंटेलच्या घरगुती चिपसेटांवर शून्य पातळीच्या जोडणीतून ती पोचतही नसे), पण तिच्यामुळे चुकून पुसलेले परत मिळण्याची आशा फारच क्षीण होते. लग्न पुन्हा चित्रित करता येत नाही. ज्या घरातल्या लग्नाची प्रत अशा जोडणीत नाहीशी होते, त्या घरच्यांना तोंड द्यायची वेळ संकलकावर येते, आणि त्या वेळी वाचलेल्या पाऊण सेकंदाला काही किंमत उरत नाही.

ड्राइव्ह धडधाकट असतानाही जोडणी मोडल्यासारखी दिसण्याचे प्रसंग दुरुस्तीच्या टेबलावर त्याहून अधिक येतात. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते, तिच्यावर बायोसच्या नोंदी टिकून असतात; काही वर्षांनी ती बॅटरी उतरली, किंवा बायोसची नवी आवृत्ती घातली, की रेडची नोंद पुसली जाऊन मूळ पर्याय परत येतो, आणि विंडोज सुरूच होत नाही. जोडणीची खूण ड्राइव्हवरच लिहिलेली असल्याने बायोसमधला पर्याय पुन्हा बदलताच बहुधा सर्व काही जागच्या जागी सापडते. घाबरलेला वापरकर्ता मात्र त्याआधीच दुसऱ्या संगणकावर ड्राइव्ह लावतो, ‘डिस्क इनिशिअलाइझ करा’ या सूचनेला होकार देतो, आणि सुखरूप असलेली माहिती स्वतःच्या हाताने घालवून बसतो. ज्या भागात वीज वारंवार जाते तेथे आणखी एक गोष्ट घडते : रेडच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिण्याचा वेग वाढवण्यासाठी माहिती काही काळ मेमरीत अडवून ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू असताना यूपीएस नसलेल्या संगणकाची वीज गेली की ड्राइव्हवर अर्धवट लिहिलेले काहीतरी उरते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक यंत्रांत व्हीएमडी ही रेडला पूरक व्यवस्था आधीपासूनच चालू ठेवलेली असते, आणि विंडोज नव्याने घालायला बसलेल्या माणसाला ड्राइव्हच दिसत नाही; त्यासाठी वेगळा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो, ही माहिती नसल्याने चांगले ड्राइव्ह ‘खराब’ ठरवून बदलले गेल्याची उदाहरणेही पाहण्यात आली आहेत.

पहिल्या पातळीची जोडणी, जिच्यात दोन्ही ड्राइव्हवर एकच माहिती जशीच्या तशी लिहिली जाते, तिचा हेतू वेगाचा नसून काम न थांबण्याचा आहे. घरातून हिशेबाचे काम करणाऱ्याला मार्चअखेरीस एक ड्राइव्ह गेला तरी त्याच दिवशी काम चालू ठेवता येते, हा तिचा खरा लाभ, आणि तेवढ्यापुरती ती समर्थनीय आहे. परंतु तिला बॅकअप समजण्याची चूक सर्रास होते. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते, आणि खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइलही दोन्हीकडे कुलूपबंदच होते. एकाच वेळी घेतलेले, एकाच जातीचे दोन ड्राइव्ह सारखेच वागतात ही अडचण तर आणखी खोल आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने आपल्या सर्व्हरांतल्या काही एसएसडींविषयी जाहीर सूचना काढली होती, की त्यांच्या अंतर्गत प्रोग्रॅममधल्या दोषामुळे ३२,७६८ तास, म्हणजे तीन वर्षे २७० दिवस आणि आठ तास, चालल्यावर त्या कायमच्या बंद पडतील. एकत्र सुरू केलेल्या जोडीतल्या दोन्ही ड्राइव्हचे तास एकत्रच भरणार, हे उघड होते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा तीन-दोन-एकचा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि एक घराबाहेर, अशा प्रसंगात जे राखतो ते कोणतीही जोडणी राखू शकत नाही.

जुळणी करणाऱ्याला ज्या लहान अडचणी येतात त्या येथे ओझरत्या सांगणे पुरेसे आहे. अनेक मदरबोर्डांवर दुसऱ्या एम.टू खाचेत, म्हणजे एनव्हीएमई ड्राइव्हच्या दुसऱ्या जागेत, ड्राइव्ह बसवताच साटाची एक-दोन दारे बंद होतात आणि घरातली जुनी, फोटोंनी भरलेली हार्ड डिस्क अचानक दिसेनाशी होते. आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात, जेव्हा खोलीच ४० अंशांच्या आसपास असते, तेव्हा ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला दुसरा एनव्हीएमई ड्राइव्ह तापून आपला वेग आपणच कमी करतो, आणि त्याच्या संथपणाला पहिल्यालाही बांधून घेतो.

दुसऱ्या ड्राइव्हसाठी बाजूला ठेवलेले पैसे हाती असलेल्या ग्राहकाला प्रस्तुत लेखक प्रथम संगणकातली मेमरी पाहण्यास सुचवत आला आहे. आठ गिगाबाइटांची मेमरी ब्राउझरच्या टॅबांनीच भरली असेल, तर विंडोज उरलेला भार एसएसडीवर टाकत राहते, आणि सर्वांत वेगवान एसएसडीही प्रतिसाद देण्यात मेमरीपेक्षा शेकडो पटींनी मंद असते. १६ गिगाबाइट केल्यावर जो मोकळेपणा येतो तो दिसतो आणि टिकतो, कारण एकदा वाचलेल्या फाइली मेमरीत राहून पुढच्या वेळी ड्राइव्हपर्यंत जाण्याची गरजच उरत नाही. त्यानंतर संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम, एकाहून अधिक अँटिव्हायरस, आणि ९० टक्क्यांहून अधिक भरलेली एसएसडी, ज्यात कंट्रोलरला माहिती हलवायला जागाच उरत नाही, यांच्याकडे पाहावे लागते.

एवढे करूनही दुसरा ड्राइव्ह घ्यायचाच असेल, किंवा तो आधीच घेतलेला असेल, तर दोघांना न जोडता कामे वाटून द्यावीत : एकावर विंडोज आणि प्रोग्रॅम, दुसऱ्यावर चालू प्रकल्प आणि संकलनाच्या तात्पुरत्या फाइली. विंडोज आपल्या ड्राइव्हवर अपडेट उतरवत असताना संकलनाचे वाचन दुसऱ्यावर निर्वेध चालते, म्हणजे दोन ड्राइव्ह असण्याचा जो फायदा जोडणीतून अपेक्षित होता त्यातला बराचसा असाच हाती येतो, आणि एक निकामी झाला तर दुसऱ्यावरचे सर्व सुरक्षित राहते. संकलकाचा मदरबोर्ड लग्नसराईच्या ऐन मध्यात बंद पडला, तरी प्रकल्पाचा ड्राइव्ह स्क्रूड्रायव्हरने काढून, छोट्या यूएसबी खोक्यात घालून, घरातल्या लॅपटॉपला लावता येतो आणि त्याच रात्री काम पुढे चालू करता येते.